रागिणीनं विचारलं होतं

न्यायाधीशबाई साक्षीदाराचं ऐकून घ्यायच्या आणि शेजारच्या टायपिस्टला ते शुद्ध मराठीत सांगायच्या. "हाताला कापले होते त्या जागी झेंडूचा पाला चोळला, असे आरोपीने मला सांगितले," हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि मागच्या बाकावर बसलेली रागिणी दचकली. भर बाजारात अनोळखी माणसानं आपल्याला माहेरच्या लाडक्या नावानं हाक मारावी तसं तिला झालं. तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंतच होती. समोर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिचाच नवरा उभा होता, चंदन, कालच इस्त्री केलेला निळा शर्ट घालून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे हात मागं बांधून. तो आपल्या बोलीत सांगत होता. "हाताले लागलं होतं त्याच्या, तं झेंडूचा पाला चोळला म्हने." तेवढ्यावर आतापर्यंत खाली मान घालून ऐकणाऱ्या न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि आरोपीकडे पाहिलं. सरकारी वकिलानं पाहिलं, पोलिसानं पाहिलं, आणि आरोपीनं, अश्विननं, स्वतःच्या उजव्या तळहाताकडे पाहिलं. तिथं वण होता. अटक झाली तेव्हाच तो कागदावर चढला होता. सगळ्यांना पटलं हे रागिणीला दिसलं. असली बारकी गोष्ट माणूस मनानं कशाला रचेल? ज्याला आतली गोष्ट माहीत आहे तोच असं सांगेल. पण ती बारकी गोष्ट रागिणीची होती. तिच्या माहेरची, तिवशाकडची. तिथं फुलांच्या वाफ्यात विळा लागला की तिची आई झेंडूची पानं तळहातावर चुरगाळून जखमेवर दाबायची. लग्न होऊन ती भातकुलीजवळच्या या घरी आली, तेव्हा ही रीत तिच्यासोबत आली. अकोल्याच्या जेलमध्ये अश्विनच्या तोंडी ती रीत कशी पोचली, हे तिला आता या बाकावर बसल्या बसल्या शोधायचं होतं.

आता रागिणीची खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ती विचारणारी बाई होती. अमरावतीत देवीच्या रस्त्यावर तिचं फुलांचं दुकान, म्हणजे एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री; पण हार कशासाठी हे विचारल्याशिवाय तिनं कधी हार दिला नाही. लग्नाचा आहे का, मग पोरगी कुठली, शिकलेली आहे का, सासू कशी आहे. मयतीचा असला तर कोण गेलं, कशानं गेलं, दवाखान्यात नेलं होतं का, कोणत्या. बाकीच्या फूलवाल्या हसायच्या. "रागिणे, तू फुलं इकते का लोकाईच्या घरात डोकावते?" लोकांना मात्र राग येत नसे. दुःखातला माणूसही तिला सगळं सांगून हलका होऊन जायचा, कारण ती नुसतं विचारत नसे. समोरचा अडखळला की उत्तरही तीच पुढं करायची. "शुगर होती का? पायापासून सुरू झालं असन न?" माणूस म्हणायचा, हो ना बाई, पायापासूनच. आणि चंदन तिच्या अगदी उलट. त्याच्या तोंडून आपणहून वाक्य निघणं म्हणजे कौतुक. लहानपणी बापाच्या आवाजाला घाबरायचा, तेव्हापासून त्याला एकच शब्द सोयीचा झाला होता, तो म्हणजे "हो". जेवता का, हो. झोपता का, हो. फुलांचा टेम्पो घेऊन खामगावकडे निघाला असताना कुणी विचारलं, भाऊ, हे चार पोते बाळापूरले उतरवून देता का, तर हो. पोत्यांत काय आहे हे विचारायला रागिणी तिथं नव्हती. पोत्यांत गुटखा निघाला. बाळापूरच्या अलीकडे पोलिसांनी टेम्पो अडवला, आणि हा जेलमध्ये.

साक्ष संपता संपता कोर्टाची वेळ संपली. अश्विनच्या बाजूच्या वकीलबाई उठून म्हणाल्या की उलटतपासणी त्यांना उद्या घ्यायची आहे. न्यायाधीशबाईंनी उद्या सकाळचं सांगितलं. रागिणी बाहेर व्हरांड्यात आली तेव्हा मघापासून तिच्याच बाकावर बसलेली एक म्हातारी बाई भिंतीला टेकून उभी होती. पांढरं पातळ, गळ्यात निळ्या दोऱ्यातलं बाबासाहेबांचं छोटं पदक. आत तिनं रागिणीला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं होतं. रागिणी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. आता ती कुणाला तरी म्हणायचं म्हणून रागिणीलाच म्हणाली, "पोरी, आमच्या घरी झेंडू लावतच नाई जखमेले. आमी हळद दाबतो. त्याच्या हाताले पत्रा लागला होता, वर्कशॉपात. मीच हळद दाबली. मले कोनी इचारलंच नाई." ही दुर्गाबाई, अश्विनची आई. एमआयडीसीतल्या ज्या वर्कशॉपात अश्विन लोखंडी कपाटं बनवायचा, त्याचा मालक तिथंच डोक्यात रॉड बसून मेलेला सापडला होता. पाहणारा कुणी नव्हता. रॉडवर अश्विनच्या बोटांचे ठसे होते, पण तो रोज तोच रॉड उचलायचा. म्हणजे सगळी भिस्त होती ती चंदनवर, बराकीत शेजारी झोपणाऱ्या चंदनला अश्विननं काय सांगितलं त्यावर. रागिणीनं दुर्गाबाईंना "हो मावशी" एवढंच म्हटलं आणि ती जिना उतरली. दुसऱ्या कुणालाही तिनं पुढं दहा गोष्टी विचारल्या असत्या.

परतीच्या एसटीत चंदन खिडकीशी बसला आणि मूर्तिजापूर येईस्तोवर झोपला. त्याच्या चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान होतं. रागिणी मात्र मनानं मागं मागं जाऊ लागली, जेलमधल्या त्या जाळीपर्यंत. मुलाखतीच्या दिवशी जाळीच्या अलीकडे बायका आणि पलीकडे माणसं, सगळे एकदम बोलायचे, आणि सगळ्यांची वेळ मिनिटांत संपायची. बाकीच्या बायका रडायच्या, भांडायच्या, वकिलाचं बोलायच्या. चंदन जाळीला नाक लावून गप्प उभा राहायचा. ती विचारायची, जेवलात का, हो. झोप येते का, हो. मग काय करायचं त्या वेळेचं? आणि एका मुलाखतीत तो आपणहून बोलला. "माया बाजूले एक पोरगा झोपते. मर्डरचा हाये. रडते. चुकी झाली म्हने माया हातून." एवढं. रागिणीला ते लख्ख आठवत होतं, कारण लग्नानंतर नवऱ्यानं तिला सांगितलेली ती पहिलीच बातमी होती. तिला आनंद झाला होता. खरंच आनंद, त्याची लाज तिला आता वाटली. घरी सासूला, दुकानावर शेजारणींना सांगायला काहीतरी मिळालं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवऱ्याशी बोलायला काहीतरी मिळालं होतं. पुढच्या मुलाखतीला ती पेपरातली खुनाची बातमी वाचून, प्रश्न पाठ करून गेली. कोनाले मारलं म्हने? मालकाले का? हो. कायनं, रॉडनं? हो. मांगून का समोरून? चंदन थोडा थांबला होता, हे तिला आठवलं. "मांगूनच असन न, समोरून कसं मारन," ती म्हणाली होती. हो, मांगून. आज कोर्टात टायपिस्टनं ठोकलं होतं, "पाठीमागून वार केला, असे आरोपीने मला सांगितले."

मग बडनेरा येईपर्यंत तिला एक वेगळीच ओढ लागली. दुःख होतं, भीतीही होती, पण त्याहून वरचढ होतं ते कुतूहल. आज ऐकलेल्या साक्षीतलं एकेक वाक्य ती बाजूला काढत होती. हे माझं. हेही माझं. दरवाजा आतून लावून घेतला होता, हे माझं, कारण ती म्हणाली होती, "दरवाजा तरी लावला असन न त्यानं?" मालकानं आईवरून शिवी दिली म्हणून डोकं फिरलं, हे माझं, तिला वाटलं होतं की रात्री रडणारा पोरगा उगाच कसा हात उचलेल, म्हणून आधी कारण तिनंच शोधलं आणि मग विचारलं. आणि पाला. ती मुलाखत उन्हाळ्यातली. चंदन म्हणाला होता, त्याच्या हातावर वण हाये. तिनं लगेच, "मग रक्त कसं थांबवलं त्यानं? झेंडूचा पाला चोळला का?" आणि चंदन जाळीपलीकडून हसला होता, कारण त्यालाही आपलं घर आठवलं, वाफे आठवले, आणि म्हणाला होता, "हो, पालाच असन." असन, म्हणजे असेल. तो 'असन' पुढं कुठं गळून पडला? जाळीशी उभा असलेला हवालदार ऐकत होता, तिथं? की मग पोलिसांचे एक साहेब आले, त्यांनी चंदनला चहा पाजला आणि काय काय माहीत आहे ते विचारलं, तिथं? मारलं नाही, दटावलं नाही, असं चंदनच म्हणाला होता. त्यानंतर त्याचा जामीन झाला. रागिणीनं त्या दिवशी दुकानावर सगळ्यांना पेढे वाटले आणि आपला नवरा कसा सरकारच्या उपयोगी पडला ते दिवसभर सांगितलं. सांगताना पाल्याचाही उल्लेख केला होता तिनं. तेव्हा तिला ते आपलं वाटलं नव्हतं. ते तिला चंदनकडून आलेलं वाटलं होतं, आणि चंदनला अश्विनकडून. मग आपलं सगळं काढून घेतलं तर खाली उरतं काय? हे तिला कळायलाच हवं होतं.

घरी पोचल्यावर दिवेलागणीला ती सासूशेजारी बसून सकाळच्या हारांसाठी शेवंती निवडत होती आणि चंदन खाटेवर पाय पसरून चहा पीत होता. रागिणीनं मनाशी ठरवलं होतं तसं, मान वर न करता, सहज सुरात म्हटलं, "आपल्या लग्नात तो घोडा मांडवातली केळ खाऊन गेलता, आठवते का तुमाले?" घोडा नव्हता. वरात टेम्पोतून आली होती, आणि तोच टेम्पो, पोलिसांकडून सोडवून आणलेला, अजून दारात उभा होता. चंदनचा चेहरा उजळला. "हो न. पुरी केळ ओढली त्यानं. मामा कसा धावला होता मांगं, धोतर सावरत." रागिणीच्या हातातलं फूल तसंच राहिलं. शेषरावमामा लग्नाला आलाच नव्हता. मानपानावरून रुसून तो गावीच बसला होता आणि अजून त्यांच्याकडे येत नव्हता. पार्बताबाई, तिची सासू, डोळे बारीक करून मुलाकडे पाहू लागल्या. "घोडा कुठचा रे बापा? टेम्पोतून आलतो आपण." चंदन जरासुद्धा ओशाळला नाही. "हो, टेम्पोच होता," तो म्हणाला आणि त्याच समाधानानं चहाचा घोट घेतला. रागिणी त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली. तिला वाटत होतं की त्याच्या चेहऱ्यावर कुठंतरी खोटेपणाची रेघ सापडेल, आणि मग तिला त्याचा राग करता येईल. नव्हती रेघ. त्यानं घोडा पाहिला होता. तिनं विचारला आणि त्यानं पाहिला. आणि मग आईनं सांगितला तसा टेम्पोही पाहिला. त्याच्याजवळ दोन्ही सुखानं नांदत होते. तिला एकाएकी नवऱ्याची फार माया आली, आणि त्याच क्षणी त्याची भीतीही वाटली. दहा वर्षांच्या संसारात आपण त्याला जे जे विचारलं, मी आवडते का, माहेरी गेले तर आठवण येते का, भाजी बरी झाली का, त्या सगळ्या होकारांचं आता काय करायचं, हा प्रश्न तिच्यासमोर येऊन बसला. तो तिनं ढकलून दिला. आज अश्विनचा प्रश्न आधी होता. तो पोरगा जन्मभर आत जाणार होता, तिच्या एका प्रश्नावर.

सकाळच्या गाडीत तिनं लपवलं नाही. "तो पाला मी इचारला होता," ती म्हणाली. "जाळीपाशी. अश्विननं नव्हता सांगतला." चंदननं तिच्याकडे पाहिलं. "हो?" मग थोडं थांबून, "हो, तूच इचारला होता." मग बोरगाव मंजू मागं पडलं आणि तो पुन्हा म्हणाला, "त्यानंबी सांगतला असन न." रागिणीनं विचारलं, "मी त्या वकीलबाईले सांगू का हे?" तो म्हणाला, "सांग न." एवढं सोपं. तिला हसू आलं आणि रडूही. तिनं त्याला समजावलं की मग तुमचा जामीन रद्द होऊ शकेल, साहेब बिघडतील, खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावरच उलटेल. तो ऐकत होता, मान हलवत होता. प्रत्येक वाक्याला हो. पण शेवटी, अकोल्याची घरं दिसू लागली तेव्हा, त्यानं तिचा हात धरला, तो त्यानं गाडीत कधी धरला नव्हता, आणि म्हणाला, "मी खोटं नाई बोललो, रागिणी." ते नेहमीचं 'हो' नव्हतं. ते त्याचं स्वतःचं वाक्य होतं. "मले ठाऊक हाये," ती म्हणाली.

वकीलबाई कॅन्टीनमध्ये उभ्या उभ्या पोहे खात होत्या. मंजुषा तायडे त्यांचं नाव; ज्याच्याकडे वकील लावायची ऐपत नाही त्याच्यासाठी सरकारनं दिलेल्या वकील. रागिणीनं आपण कोण ते सांगितलं तसे त्यांचे कान टवकारले आणि ताटली बाजूला गेली. "म्हणजे साक्ष पोलिसांनी शिकवली. बरोबर ना?" त्यांनी विचारलं. रागिणीच्या जिभेवर हो आलं. किती गुळगुळीत, किती सोयीचं होतं ते. ते म्हटलं असतं तर चंदन सुटला असता, अश्विन सुटला असता, ती स्वतःही सुटली असती, आणि समोरची बाई खूश झाली असती. तिला पहिल्यांदा उमगलं की चंदनला रोज कसं वाटत असेल. कुणीतरी उत्तर हातात तयार ठेवतं, आणि न घेणं म्हणजे त्याचा अपमान. "नाई," ती म्हणाली. "तुमी असं इचारू नका, मॅडम. मले सांगू द्या." आणि तिनं सांगितलं. जाळी, पाला, दरवाजा, शिवी, पाठीमागून. आणि घोडासुद्धा. वकीलबाई मधे दोनदा तोंड उघडून गप्प झाल्या. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "नवऱ्यानं तुम्हाला काय सांगितलं ते मी तुमच्याकडून कोर्टात काढायला गेले तर कायदा आडवा येईल. मी त्यालाच विचारते. पण मग त्याच्यावर काय येऊ शकतं ते माहीत आहे ना तुम्हाला? आणि अश्विननं खून केलाच नाही असं माझ्याजवळ तरी कुठं आहे? केलाही असेल." रागिणी म्हणाली, "केला असन तं असन. पन थे मी नाई ठरवायले पायजे." आणि तिथंच तिला आपल्या बोलण्याचं नवल वाटलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट माहीत नसूनही तिनं ती तशीच ठेवली होती.

कोर्टात ती कालच्याच बाकावर बसली. दुर्गाबाई शेजारी. चंदन पिंजऱ्यात चढला तेव्हा कालच्यासारखेच हात मागं. वकीलबाईंनी फार लांबण लावली नाही. "जेलमध्ये तुमची पत्नी भेटायला यायची?" हो. "आरोपीनं जखमेवर झेंडूचा पाला चोळला का, असं तिनंच तुम्हाला विचारलं होतं?" चंदन म्हणाला, "हो." सरकारी वकील ताडकन उठले. दुर्गाबाईंनी श्वास आत घेतला तो रागिणीला ऐकू आला. "दरवाजा लावला का, हेही तिनंच विचारलं?" हो. "पाठीमागून मारलं का, हेही?" हो. वकीलबाई खाली बसल्या. सरकारी वकिलांनी परवानगी मागितली आणि गोड आवाजात विचारलं, "पण चंदनभाऊ, पत्नीनं विचारलं म्हणून काय झालं? आरोपीनंही तुम्हाला हेच सांगितलं होतं, बरोबर?" चंदन म्हणाला, "हो." वकीलबाई पुन्हा उठल्या, दोघं एकदम बोलू लागले, आणि बाकांवर कुणीतरी हसलं. चंदन बिचारा दोघांकडे आळीपाळीनं पाहत होता. दोघांनाही खरं उत्तर दिल्यावर हे भांडतात कशाला, हेच त्याला कळत नव्हतं. त्याची भंबेरी उडाली नव्हती, ती इतर सगळ्यांची उडाली होती. रागिणीला उठून ओरडावंसं वाटलं की तो लबाड नाही हो, तुम्ही त्याला विचारता कसं ते पाहा.

न्यायाधीशबाईंनी हात वर करून दोघांना बसवलं. त्यांनी टायपिस्टला थांबायला सांगितलं, चष्मा काढला, आणि पहिल्यांदाच चंदनकडे माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. "आता तुम्हाला कुणी काही सुचवणार नाही," त्या म्हणाल्या. "घाई नाही. आरोपी स्वतःच्या तोंडानं तुमच्याजवळ काय बोलला, तेवढंच सांगा. बाकी कुणी काय विचारलं ते सोडून द्या." आणि त्या थांबल्या. चंदननं तोंड उघडलं, मिटलं. या प्रश्नाला हो म्हणता येत नव्हतं. तो चाचपडला, कठडा धरला, आणि मग सगळ्या खोलीवरून नजर फिरवत त्यानं रागिणीला शोधलं. तिला ती नजर ओळखीची होती. जाळीपलीकडून तो असाच पाहायचा, काहीतरी विचार ना, म्हणून. दुर्गाबाईंनी त्याची नजर कुठं गेली ते पाहिलं आणि मान वळवून शेजारच्या बाईकडे पाहिलं, आणि ही कोण ते त्यांना कळलं. रागिणीच्या तोंडाशी तीन-चार प्रश्न तयार होते, एक नुसता ओठांनी हलवला असता तरी तो बापडा त्याला धरून पार झाला असता. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि खाली पाहिलं. वेळ गेला. मग चंदनचा आवाज आला, हळू, पण त्याचाच.

"सायेब, चुकी झाली म्हने तो. राती रडे अन् चुकी झाली म्हने. तेवढंच. बाकी मले नाई माईत."

"चूक झाली," बाई म्हणाल्या. "कशाची?"

रागिणीनं मान वर केली. तिलाही तेच हवं होतं, इतके दिवस तेवढंच हवं होतं; आणि पलीकडे आरोपीच्या जागी उभा असलेला अश्विन, ज्याला या खोलीत कुणी काही विचारलं नव्हतं, तोही साक्षीदाराकडे तसाच पाहत होता.

"थे मी त्याले इचारलंच नाई," चंदन म्हणाला.